तत्रैव

प्रकरण तिसरं, पान एकशे बारा.
समासात वर्तकबाईंचं लाल प्रश्नचिन्ह
आणि खाली एकच शब्द : कुठून?

वाक्य साधं होतं.
‘कांदळ तुटलं की आधी निवटी जाते,
मग पाणी घरात येतं.’
पुढे मी जोडून दिलं होतं,
असे आढळून येते.

कोणाला आढळतं, म्हणाल्या बाई,
चष्मा कपाळावर सरकवत.
कर्मणी प्रयोगात किती माणसं बुडवलीस
ते एकदा मोजून ये.

मोजली. सत्तेचाळीस.

मग वाशीच्या ग्रंथालयात एसीखाली, ओढणी गुंडाळून
शोधत बसले त्या वाक्याचं मूळ गाव.
एका अहवालात सापडलं, गुळगुळीत कागद, रंगीत नकाशे.
त्याची तळटीप बोट दाखवते एका शोधनिबंधाकडे,
निबंध दाखवतो कुठल्याशा परिषदेच्या इतिवृत्ताकडे,
पान चौऱ्याऐंशी.
त्या इतिवृत्ताला पानंच साठ.
आणखी मागे गेले. एक टंकलिखित प्रत,
‘र’चा खिळा झिजलेला, म्हणून खाडी परिसराचा
नुसता ‘पिस’ झालेला,
आणि तिथे, ओळीच्या शेवटी, घाईत :
स्थानिकांच्या मते.

स्थानिक.
आडनाव नाही, आद्याक्षर नाही, साल नाही.
सूचीत त्याला कुठे बसवू,
‘स’खाली?

दिवाळ्याला गेले.
हौसाबाई चाहू कोळी जाळ्यातून
वेफर्सची पाकिटं सोडवत होत्या.
वाक्य वाचून दाखवलं.
मान वर न करता म्हणाल्या,
हे तर मी त्या पोराला सांगितलेलं.
कुठल्या?
टेपवाल्या. दाढी होती. दोनदा चहा प्याला,
त्याच्या आईसाठी सुकट बांधून दिली.
छापलं का त्यानं?

छापलं, म्हटलं.
त्यानं छापलं, मग त्याच्यावरून
सगळ्यांनीच छापलं.

वही उघडली. आता नीट लिहिते म्हटलं,
कोळी, हौसाबाई. व्यक्तिगत मुलाखत.
त्यांनी माझं मनगट धरलं, हात ओला, खवल्यांचा.
माझं नाय गो ते. सासू बोलायची, पदीबाय.
आणि त्यांना कोणी सांगितलं?
तिनं बघितलं. जल्म चिखलात गेला तिचा.
मग हसल्या : पार मुळाशी जायचं
तर निवटीचं नाव लिही.

साल विचारलं.
पामबीचचा रस्ता नव्हता तवा.
दिवस?
भांगाचा दिस होता. पाणी आळसावलेलं.
आणि पानाच्या जागी काय लिहू,
धक्क्याची तिसरी पायरी, जिथे बसून ती बोलायची
आणि जी आता भरावाखाली आहे?

शैलीपुस्तिकेत यासाठी नियम नाही.
पुरवणीतही पाहिलं.

त्या रात्री सत्तेचाळीस वाक्यं एकेक करून उलटी केली.
‘मानले जाते’ला विचारलं, कोण मानतं?
‘सांगितले जाते’ला हाताला धरून
सांगणाऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं.
एकतीस जणांची नावं मिळाली.
अकरा नुसत्या अफवा निघाल्या, त्या खोडल्या.
उरलेली पाच माझीच होती,
उगाच गर्दीत लपलेली.

शेवटी तळटीप अशी झाली :
कोळी, पदीबाई. मौखिक. पामबीच रस्त्यापूर्वी, भांगाचा दिवस.
सांगणार, त्यांची सून हौसाबाई चाहू कोळी, दिवाळे.
ध्वनिमुद्रण करणारा अज्ञात,
त्याच्याकडून दोन कप चहा येणे.

वर्तकबाईंनी शेवटची ओळ खोडली.
मग बराच वेळ पेन तसंच धरून बसल्या
आणि खोडलेल्या अक्षरांखाली
ठिपके देत गेल्या : असू दे.

त्यापुढच्या पानांवर
मला फार लिहावं लागलं नाही,
एकच शब्द, पुन्हा पुन्हा,
तत्रैव.
म्हणजे, त्याच ठिकाणी.
तिथे सध्या
पेव्हर ब्लॉक बसवलेत.